पाखरांचे पैसे

"तुमच्याकडे पाखरांचे पैसे कोण भरतं?" हा प्रश्न ज्या गृहस्थांनी मला विचारला त्यांच्या कोपरावर दुनळी बंदूक होती. काडतुसं काढून, मधोमध मोडून टाकलेली, त्यामुळे भिण्यासारखं काही नव्हतं. पायाशी भिजलेलं लॅब्राडॉर, त्याच्या पुढ्यात गवतावर ओळीने मांडलेली बदकं, आणि गृहस्थ थर्मासच्या झाकणात मला कॉफी ओतून देत होते. विस्कॉन्सिन राज्यातल्या होरिकॉन मार्श या पाणथळीवर, बर्नेट डिच नावाच्या चराच्या काठी, जिथून छोट्या होड्या पाण्यात सोडतात तिथे आम्ही उभे होतो. ऑक्टोबरातलं ऊन वर आलं होतं पण अंगाला लागत नव्हतं. मी म्हणालो, "सरकार." "म्हणजे सगळेच," ते म्हणाले आणि झाकण माझ्या हातात दिलं. बोलण्यात खवचटपणा अजिबात नव्हता. माणूस मुळातच मोजकं बोलणारा. पण कॉफी संपली तरी आणि पुढेही कितीतरी दिवस तो प्रश्न दातात अडकलेल्या सुपारीच्या खांडासारखा जिभेला लागत राहिला.

मुलगी मॅडिसनला असते. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो की हिचा वेळ नातीच्या वेण्यांत, डब्यांत आणि तिथल्या मराठी मंडळींच्या कोजागरीत मजेत जातो. माझं तसं नाही. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे गाव कुठलंही असो, पाणी दिसलं की त्याची पातळी बघायची, सांडवा कुठे आहे ते शोधायचं, ही खोड. शेजारच्या घरातल्या या गृहस्थांना ती कळली. तेही निवृत्त, शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यातून. एकदा त्यांच्या गॅरेजात करवत मागायला गेलो तर भिंतीवर चौकटीत बसवलेली पोस्टाच्या तिकिटांएवढी चित्रं ओळीने लावलेली. प्रत्येकावर एक बदक नाहीतर हंस, खाली साल. ती बघत उभा राहिलो तर म्हणाले, "तुम्ही धरणवाले ना? शनिवारी चला, आमचं पाणी दाखवतो." घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, "तो जीव मारायला निघालाय, तुम्ही काय झांजा वाजवायला जाताय?" मुलीचं वेगळंच. "बाबा, बंदुकीला हात लावायचा नाही. तुम्ही व्हिजावर आहात."

पहाटे अंधारातच पोचलो. गाड्यांच्या तळावर आधीच पिकअपची रांग, कपाळाला दिवे बांधलेली माणसं, कुत्र्यांचं कुईकुई. आत जायला फाटक नाही, तिकीटखिडकी नाही, "साहेब झोपलेत, नंतर या" म्हणणारा चौकीदार नाही. ही मार्श एकूण तेहतीस हजार एकरांच्या आसपासची. तिचा दक्षिणेकडचा एक तृतीयांश भाग विस्कॉन्सिन राज्याचा, उरलेला केंद्राचा अभयवन. राज्याच्या भागात परवाना असेल तर शिकार करा, परवाना असेल तर मासे धरा, आणि नुसतं बघायचं असेल तर परवान्याचीही गरज नाही. मला आत जायला दमडी पडली नाही. सपाट बुडाच्या होडीतून आम्ही पाणकणसांच्या भिंतीत शिरलो. कुजक्या गवताचा आणि गाळाचा वास, काठी रुतली की वर येणारे बुडबुडे, आणि त्या बुडबुड्यांचा वेगळा, काडी ओढल्यासारखा वास. शेजाऱ्यांनी प्लॅस्टिकची नकली बदकं पाण्यावर पसरली, मला एका उलट्या बादलीवर बसवलं आणि स्वतः घड्याळ काढून बसले. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार काढता येतो, त्याआधी एक मिनिटही नाही. त्या शेवटच्या दहा मिनिटांत डोक्यावरून थवेच्या थवे गेले. अंधारात दिसत काहीच नव्हतं, नुसता पंखांचा सळसळाट, अगदी कानाजवळून. कुणीही गोळी झाडली नाही. आजूबाजूच्या गवतात पन्नासेक भरलेल्या बंदुका असतील, आणि सगळ्या घड्याळाकडे बघत होत्या. आपल्याकडच्या कुठल्याही सिग्नलला मला हे आठवतं.

मग लांबवर एक बार झाला. मग दोन. मग चहूबाजूंनी.

ओळीत ठेवलेल्या बदकांतलं एक शेजाऱ्यांनी उचलून माझ्या हातात दिलं, कारण त्यांना दोर आवरायचा होता. अंग अजून गरम होतं, विशेषतः पंखाखाली. वजन वाटलं त्याहून कमी. चोच मात्र बघण्यासारखी: टोकाला रुंद होत गेलेली, थेट पळीसारखी, आणि दोन्ही कडांना आतून बारीक दात्यांची रांग, पाणी गाळून कण आत ठेवायला. थापट्या. आमच्या उजनी धरणाकाठच्या भिगवणला हिवाळ्यात शेकड्यांनी असतो, डोकं पाण्यात घालून गोल गोल फिरत चरतो. नातीला मागच्या डिसेंबरात मी होडीतून हाच पक्षी दाखवला होता आणि तो किती लांबून येतो ते सांगितलं होतं. अर्थात भिगवणचे थापटे येतात सायबेरिया-मध्य आशियाच्या बाजूने, हे कॅनडाकडून आलेले. दोघांची भेट कधी व्हायची नाही. पण जात तीच. हा नर होता, अजून पुरता रंगात आला नव्हता, डोक्यावर हिरवी झाक नुकती धरलेली. डोळा पिवळा आणि उघडा. खाण्याच्या दृष्टीने याला फार मान नाही असं शेजारी म्हणाले, पण मारलंय तर खायचं, असाही त्यांचा नियम. ते दोर गुंडाळत होते तेवढा वेळ मी त्याला दोन्ही हातांत धरून उभा होतो, आणि ठेवायचा कुठे हे कळत नव्हतं.

मला मेलेलं पाखरू नवीन नाही. मामांकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून पीक राखायच्या परवान्यावरची. डुकरं क्वचितच मेली. मामा चित्तूर, लावे आणि थंडीत भीमेच्या डोहावर उतरणारी बदकं मात्र नेमाने आणायचे. आजी माळकरी, त्यामुळे चूल बाहेर, गोठ्याच्या आडोशाला. भांडी वेगळी. आम्ही पोरं पितळीभोवती बसायचो आणि खाताना दाताखाली छर्रा आला की तो काढून कडेला ठेवायचा. ज्याच्याकडे जास्त छर्रे तो जिंकला. शिशाचे असायचे, दातांनी चेपायचे. हे मी शेजाऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी खिशातून एक काडतूस काढून दाखवलं: पोलादी छर्रे. १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरायला बंदी आहे. बदकं तळातून बारीक खडे गिळतात, पोटातल्या पेषणीत दाणा भरडला जावा म्हणून. खड्यांबरोबर गाळात पडलेले जुने छर्रेही गिळायची आणि ज्यांच्यावर कुणी नेम धरला नव्हता अशी पाखरंही शिशाने सावकाश मरायची. "गोळी चुकली तरी मारायची," शेजारी म्हणाले. पितळीच्या कडेला मांडलेले ते छर्रे मला आठवले. मामांच्या डोहात किती राहिले असतील कोण जाणे. तो डोहही आता राहिला नाही म्हणा.

तर पैशाची गोष्ट. गॅरेजातली ती चित्रं म्हणजे 'डक स्टॅम्प'. सोळा वर्षांवरच्या माणसाला तिथे बदक मारायचं असेल तर राज्याच्या परवान्याखेरीज दरवर्षी हे केंद्राचं तिकीट घ्यावंच लागतं. १९३४ मध्ये निघालं तेव्हा एक डॉलर होतं, पहिलं चित्र जे. एन. 'डिंग' डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढलं होतं आणि गंमत म्हणजे तेव्हा वन्यजीवांचं ते केंद्रीय खातंही त्याच्याच हाती होतं. आता पंचवीस डॉलर. डॉलरमागे अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळी विकत घ्यायला आणि राखायला जातात. शिवाय १९३७ च्या एका कायद्यामुळे बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर (आता अकरा टक्के, पिस्तुलांवर दहा) राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. मुख्य अट ही: परवान्यांची फी राज्याने दुसरीकडे वळवायची नाही, रस्त्यालाही नाही आणि पुतळ्यालाही नाही. (पुतळ्याचं मी घातलं.) १९५० च्या कायद्याने गळ, रीळ, काठ्यांवरचा करही तसाच राज्यांकडे जाऊ लागला. दुर्बिणींवर मात्र नाही. दुर्बिणी, तंबू, पाठीवरच्या पिशव्या यांवरही असा कर लावावा अशी खटपट तिथे झाली, ती कायद्यापर्यंत पोचली नाही. म्हणजे त्या पाणकणसांच्या रानात मोफत शिरलेला, कॉफीही दुसऱ्याची प्यायलेला मी, आणि उत्तरेच्या हमरस्त्यावर दोन-दोन हजार डॉलरच्या दुर्बिणी तिवईवर लावून कॅनडा हंस बघणारी मंडळी, आम्ही पाखरांवर प्रेम करणारे. आणि पाखरांचे पैसे भरणारे ते मारणारे. हे हिशेबाला बरोबर होतं आणि पटत नव्हतं.

शेजाऱ्यांच्या घरात मात्र ही परंपरा आता थांबणार आहे. नातू येत नाही. त्याला पहाटे उठणं नको आणि रक्त नको. देशभरच शिकारी कमी होताहेत आणि तिथल्या खात्यांना त्याची काळजी आहे. परवाने कमी खपले तर मार्शची पगारपत्रकं कशातून काढायची? नातवाच्या बाजूने बघितलं तर पोरगं चांगलंच म्हणायचं. मी त्याच्या जागी असतो तर गेलो नसतो, असं मला वाटतं. मामांच्या मागे मात्र धावत जायचो.

होडी परत आणताना मी या पाण्याचा इतिहास विचारून घेतला आणि नंतर माहिती केंद्रात जाऊन पडताळला, कारण खात्याची सवय. १८४६ मध्ये रॉक नदीवर होरिकॉन गावात लाकडाच्या गिरणीसाठी धरण घातलं गेलं आणि मार्श बुडून त्याचं मोठं तळं झालं. जगातलं सगळ्यात मोठं मानवनिर्मित तळं असा त्याचा त्या काळी लौकिक होता. त्याच्या आधीची माणसं, होचंक आणि पोटावाटोमी या मूळ जमातींची, १८३० च्या आसपासच्या करारांनी इथून हलवली गेलेली. काठावर त्यांच्या पूर्वजांनी रचलेले पशुपक्ष्यांच्या आकाराचे मातीचे उंचवटे होते, आजही आसपास काही आहेत. पुढे ज्यांची रानं तळ्याखाली गेली त्या गोऱ्या जमीनमालकांनी खटला भरला. आणि जिंकला. १८६९ मध्ये धरण काढलं.

हे वाक्य मी दोनदा वाचलं.

पाणी उतरलं, मार्श परत आली, बदकं परत आली. मग आले बाजारासाठी मारणारे. शहरांतल्या हॉटेलांना पिंपांनी बदकं जायची. खाजगी शिकारी क्लबांनी जागा वाटून घेतल्या. पण मार्श त्यांनीही संपवली नाही. संपवली ती नांगराने. १९१० ते १४ च्या दरम्यान ड्रेजर लावून चर खणले, पाणी काढून टाकलं, भाजीपाला आणि धान्य पिकवायचं म्हणून. आमचा बर्नेट डिच त्याच गोत्रातला. जमीन निघाली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची. पिकं नीट आली नाहीत, सुकलेल्या पीटने पेट घेतला आणि जमिनीच्या आतून धुमसणाऱ्या त्या आगी विझता विझेनात. ना शेत राहिलं, ना पाणी. तेव्हा होरिकॉन गावातल्या कर्ली रॅडकी नावाच्या गृहस्थाने आणि त्याच्या बरोबरच्या शिकाऱ्या-गळवाल्यांनी मार्श परत द्या म्हणून विधिमंडळाचे उंबरे झिजवले. १९२७ मध्ये कायदा झाला, पुढच्या दशकात पाणी अडवायला पुन्हा बांध आला, १९४१ मध्ये उत्तरेचा भाग केंद्राने घेतला. १९९० मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव लागलं. दोन लाखांवर कॅनडा हंस शरदात इथे उतरल्याच्या नोंदी आहेत. ज्याला बदक मारायचं होतं त्याला बदकाला राहायला जागा लागते हे आधी कळलं, असं मी मनात म्हणालो. मग लक्षात आलं की मामांना ते कळत होतं का, हे मी कधी विचारलंच नाही.

आता माझ्या आवडीचं. शेजारी मला एका भरावावर घेऊन गेले. भरावात एक काँक्रीटची चौकट, चौकटीच्या खाचांत एकावर एक आडव्या फळ्या. फळ्या घाला, पाणी चढतं, काढा, उतरतं. मी तिथे उकिडवा बसलो. हे तर आमचे बरगे! कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला आम्ही हेच करत आलो: पावसाळा सरताना बरगे घालायचे, पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढायचे, आणि मधल्या काळात ते चोरीला जाऊ नयेत म्हणून जागता पहारा ठेवायचा. फरक असा की आमचे बरगे उसासाठी आणि यांचे बदकांसाठी. उन्हाळ्यात एखाद्या कप्प्यातलं पाणी मुद्दाम उतरवतात, गाळ उघडा पडतो, त्यावर बारीक दाण्याची गवतं तरारतात, आणि शरदात थवे यायच्या आधी पुन्हा पाणी चढवतात म्हणजे दाणा नेमका चोचीच्या उंचीला येतो. उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकलं की उघड्या पडलेल्या काळ्या गाळात माणसं कलिंगडं, मका, कडवळ करतात, गाळपेर म्हणतात तिला. ही बदकांची गाळपेर. पाखरांसाठी पाणी सोडण्याचं वेळापत्रक असतं हे ऐकून मला कौतुक वाटलं आणि थोडी असूयाही. आमच्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत "साहेब, रोहित पक्ष्यांसाठी पातळी दोन फूट खाली ठेवू" असं कुणी म्हटलं असतं तर त्याला चहा पाजून घरी पाठवला असता.

उजनीचं सांगायला हवं, कारण माझं गाव तिच्या पोटात आहे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. जलाशयाचं सरकारी नाव यशवंतसागर, पण ते कुणी घेत नाही. आमचं गावठाण, मामांचा डोह, आजीची बाहेरची चूल, सगळं फुगवट्याखाली गेलं. पुनर्वसनात लाभक्षेत्रात पर्यायी जमीन मिळाली, घरापासून लांब, दुसऱ्यांच्या गावात. धरणग्रस्ताच्या दाखल्यावर मला नोकरी लागली, तीही ज्या खात्याने बुडवलं त्याच खात्यात, आणि त्या नोकरीवर घर चाललं, मुलगी शिकली, मॅडिसनला गेली. राग धरायचा कुणावर? आणि या उथळ फुगवट्यावर, डिकसळच्या जुन्या पुलापासून कुंभारगावापर्यंत, हळूहळू पाखरं उतरायला लागली. रोहित, पट्टकादंब, थापटे, चित्रबलाक. आज पुण्यामुंबईच्या गाड्या त्यासाठी येतात. रोहित ज्या चिखलात एका पायावर उभे असतात ते आमचं काळं रान आहे. त्यात ज्वारी उभी असलेली मी पाहिली आहे, हुरडा खाल्ला आहे. तर पाखरांचे पैसे कोण भरतं? आमच्याकडे ते एकरकमी भरले गेले, विचारल्याशिवाय, आणि भरणाऱ्यांना ते पाखरांसाठी आहेत हे माहीतच नव्हतं.

हे मी त्या भरावावर बसून शेजाऱ्यांना माझ्या इंग्रजीत जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या वडिलांनी खटला नाही भरला?"

"भरला. वाढीव मोबदल्याचा."

"किती वर्षं चालला?"

"वडील होते तोवर."

दुपारी ही आणि मुलगी डबे घेऊन आल्या. होरिकॉनच्या काठावर गळ टाकून बसलेली माणसं होती, त्यांत एक वयस्क ह्मॉंग जोडपं. लाओसमधल्या लढाईनंतर आलेली ही मंडळी विस्कॉन्सिनात बरीच आहेत. त्यांच्या बादलीत मिशावाले काळसर मासे होते, बुलहेड. हिने वाकून बघितलं आणि "अगं बाई, शिंगाळा!" म्हणाली. जात वेगळी असणार, पण मिशा आणि कडेचा काटा तसाच. मग दोघी बायकांचं खाणाखुणांनी सुरू झालं: खवले नाहीत म्हणजे साफ करायला बरा, हळद लावता का, तिखट किती. त्या बाईने पिशवीतून लेमनग्रासची काडी काढून दाखवली, हिने डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिच्या तळहातावर ठेवली. त्यांच्या शेजारच्या एका तरुणाला मोठा कार्प लागला आणि त्याने तोंड वाकडं केलं. कार्पला तिथे कुणी चांगलं म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकात सरकारनेच हौसेने युरोपातून आणून तळ्यानद्यांत सोडलेला हा मासा मार्शचा तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, मग ऊन आत पोचत नाही आणि बदकांच्या खाण्याची पाणवनस्पती मरते. उजनीतही कार्प आहे आणि त्याच्यापेक्षा चिलापीने सगळं व्यापलंय. मरळ, वाम पूर्वीसारखे लागत नाहीत म्हणून मच्छीमार कुरकुरतात. चांगल्या हेतूने पाण्यात काय काय सोडलं जातं याची यादी केली तर त्यात माझ्या खात्याच्या फायलीही निघतील. तरुणाने कार्प ह्मॉंग आजोबांना देऊन टाकला. आजोबा खूश.

परतताना गाडीत मुलीने मला सरळ विचारलं, "मग तुम्हाला पटलं का हे, बाबा?" मी म्हटलं, सकाळचं एक सांगतो. शेजाऱ्यांच्या एका बारात बदक पंख मोडून पाणकणसात पडलं. कुत्रं शोधत राहिलं, आम्हीही गुडघाभर चिखलात, पाऊण तास तरी. मध्येच कुठेतरी पाण्याची हालचाल ऐकू यायची आणि थांबायची. सापडलं नाही. शेजाऱ्यांनी एक काडतूस काढून दुसऱ्या खिशात टाकलं. दिवसाला सहा बदकांची मर्यादा असते, त्यातलं एक त्यांनी स्वतःच्या नावावर मांडलं, बघणारं कुणी नसताना. त्या प्रामाणिकपणाने मी भारावलो. आणि ते बदक त्या गवतात अजून जिवंत असेल, रात्री कोल्हा येईपर्यंत, हेही डोक्यातून जात नव्हतं. दोन्ही एकाच खिशात होतं. मुलगी म्हणाली, "हे उत्तर नाही झालं." नाहीच झालं.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार थांबत गेली आणि ती थांबली हे मला मनापासून बरं वाटतं. मामांची बंदूक पुढे पोलीस ठाण्यात जमा झाली, त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही, मामांनाही फारसं नाही. पण सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक काही बंदुकीने गेला नाही. त्याची शिकार बंद झाल्यावरच तर अभयारण्य झालं. माळ हळूहळू फुटत गेला, विहिरी आल्या, विजेच्या तारा आल्या, कालव्याचं पाणी जिल्ह्यात फिरलं तसा ऊस पसरला. त्यातल्या एका वितरिकेवर मी नोकरी केली आहे आणि पाणी शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोचलं म्हणून पेढेही खाल्ले आहेत. त्या पेढ्यांची मला लाज वाटत नाही. ज्याच्या रानात पाणी आलं त्याचं तोंड मी पाहिलंय. फक्त माळढोक दिसला तर आता बातमी होते, एवढंच. एकही गोळी न झाडता.

निघायच्या आदल्या आठवड्यात मी पोस्टात जाऊन पंचवीस डॉलरचा स्टॅम्प घेतला. दोन हजार रुपयांच्या पुढे. ही म्हणाली, "एवढ्यात भिगवणला होडी करून, मासे खाऊन आलो असतो." तेही खरं. स्टॅम्प आता शोकेसमध्ये नातीच्या फोटोला टेकवून ठेवलाय आणि येणारा प्रत्येक जण हे तिकीट कुठल्या देशाचं म्हणून विचारतो.

फेब्रुवारीत कुंभारगावला गेलो. पाऊस चांगला झाला होता, धरण अजून भरलेलं, त्यामुळे उथळ चिखल उघडाच पडला नव्हता आणि रोहित जेमतेम, तेही लांब. होडीवाला पंचविशीतला, आज्यापणज्यापासून मासेमारी करणाऱ्या घरातला. जाळ्यापेक्षा आता दुर्बीणवाल्यांवर घर चालतं असं म्हणाला. थापटे मात्र भरपूर होते, त्याने इंजिन बंद करून होडी वाऱ्यावर सोडली आणि मला शांतपणे बघू दिलं. बोलता बोलता मी कुठल्या खात्यात होतो ते निघालं. त्याने वल्हं मांडीवर आडवं घेतलं.

"म्हणजे पाणी तुमच्याच हातात होय! कधी सोडताय मग खाली? रोहित थांबलेत, गिऱ्हाईक थांबलंय."

"अरे, मी रिटायर झालो."

"असू दे की. आत ओळखीचं कुणी असेलच, त्याला फोन लावा. रेंज आहे इथं, त्या बाभळीपाशी."